पिकली की तोडा

शोभेची मिरची विकायला सोपी आणि ओळखायला अवघड. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन तोंडावर आलं की सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या रोपवाटिकेत तिच्या कुंड्या रस्त्याकडच्या पहिल्या रांगेत येतात. झाड गुडघ्यालाही लागत नाही. पण त्यावर एकाच वेळी जांभळी, पिवळी, नारिंगी, लाल फळं, आणि सगळी आभाळाकडे टोक करून उभी. माणसं गाडी बाजूला घेऊन उतरतात. पहिला प्रश्न, "हे काय आहे?" मिरची म्हटलं की दुसरा, "खातात का?" आणि पेठेतल्या काकू असल्या तर तिसराही येतो, "ठेचा कसा होतो हिचा?"

मी इथे आले ती हिशेबाच्या वह्या लिहायला. मिरचीच्या वाफ्यांवर गेले, कारण बी काढायला कुणी तयार नसायचं. पिकलेली फळं फोडून बी काढताना बोटं जळतात, आणि नळाखाली कितीही वेळ हात धरला तरी जळतच राहतात. तिखटपणा ज्यामुळे येतो ते कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. ते तेलात विरघळतं. "आधी खोबरेल चोळ, मग साबण लाव" हा क्रम मला तिथल्या मावशींनी शिकवला. हातमोजे नंतर आले. मावशी आजही ते घालत नाहीत. मोज्यातून बी हाताला लागत नाही म्हणतात. तिखटपणा बियांत असतो हा माझा समजही त्याच कामात गेला. तो असतो फळाच्या आतल्या पांढऱ्या पडद्याला, जिथे बिया चिकटलेल्या असतात. बियांना लागतो तो त्या पडद्याचा शेजारगुण.

ओळख पटवायचं काम मागाहून अंगावर आलं. कुणी फोन पुढे धरतं, "ताई, आमच्याकडे ही आलीय, कोणती मिरची?" फोटोत नव्वद टक्के वेळा फक्त फळ असतं, तेही अगदी जवळून. आणि मिरचीच्या बाबतीत फळाइतकी दिशाभूल दुसरं काही करत नाही. गोल, शंकूसारखं, लांबट, टोकदार, बुटकं, हे सगळे आकार एकाच जातीत सापडतात. बाजारात शोभेची म्हणून येणारी बहुतेक सगळी मिरची कॅप्सिकम ॲन्युअम या जातीतली. ब्याडगी त्याच जातीतली, पुसा ज्वाला त्याच जातीतली, ढोबळीसुद्धा. ढोबळी मिरची आणि ही नखाएवढी जांभळी गोळी यांचं कूळ एक, असं सांगितलं की समोरचा माणूस आपल्याला गंडवताहेत का, अशा नजरेने बघतो.

म्हणून मी फूल बघायला सांगते. फोटो काढायचा असेल तर फुलाचा काढा, आणि तेही नुसतं समोरून नको. देठ फांदीला जिथे जोडलाय तो सांधा दिसला पाहिजे. ॲन्युअममध्ये बहुधा एका सांध्यावर एकच फूल येतं, पाकळ्या पांढऱ्या आणि त्यांवर डाग नाहीत, परागकोश निळसर किंवा जांभळट. पाकळ्यांच्या मुळाशी पिवळट-हिरवे ठिपके दिसले तर ती बॅकाटम. दक्षिण अमेरिकेत घरोघर असते, आपल्याकडे हौशी लोकांच्या गच्चीवर भेटते. एका सांध्यावर दोन-तीन किंवा जास्त फुलं, आणि फळ धरल्यावर देठ व पुष्पकोश यांच्यामध्ये दोरा आवळल्यासारखी खाच दिसली तर चायनेन्स. भूत जोलोकियाचा मोठा वारसा या जातीचा. फूल हिरवट पांढरं, फळ लहान, उभं, आणि पिकल्यावर हात लागताच देठ झाडावर ठेवून निसटणारं असेल तर फ्रुटेसेन्सचा संशय घ्यायचा. केरळची कांथारी त्यातली.

पाचवी एक जात आहे, प्युबेसेन्स. पानांवर लव, फूल जांभळं आणि बी काळं. जांभळं फूल दिसलं की काही हौशी मंडळी आनंदाने हेच नाव घेतात. पण शोभेच्या ॲन्युअममध्येही जांभळ्या फुलांचे वाण भरपूर आहेत. अशा वेळी मी एक फळ फोडायला सांगते. बी पिवळट निघालं की वाद संपला. शिवाय प्युबेसेन्स अँडीजच्या थंड डोंगरांतली. पुण्याचा एप्रिल तिला सोसत नाही. एखाद्याच्या गच्चीवर ती मेमध्ये फळांनी लगडलीय असं कुणी सांगितलं, तर मी आधी झाडावर नाही, नावावर शंका घेते.

या सगळ्या परीक्षेवर एकदा दौंडकडच्या एका शेतकऱ्याने पाणी ओतलं. तो नारळाची रोपं न्यायला आला होता. उभ्या फळांच्या कुंडीजवळ थांबला आणि म्हणाला, "ही पंत सी-वन दिसतेय, कुंडीत कशाला कोंबली?" पंत सी-1ची फळं खरंच आभाळाकडे तोंड करून लागतात. पलीकडच्या कुंडीत फळांचे झुबके होते, त्याला म्हणाला, "आणि ही फुले ज्योती." राहुरीच्या विद्यापीठाच्या त्या वाणाला फळं झुबक्यानेच येतात. वाणाची नावं चुकीची होती, पण नजर चुकीची नव्हती. शेतातली मिरची आणि शोभेची मिरची यांच्यात जातीची भिंत नाहीच. एकीतून माणसांनी तोडणी आणि वजन निवडत नेलं, दुसरीतून बुटकेपणा आणि रंग.

उभं फळ ही तर मुळात रानातली खूण. रानटी मिरचीची फळं लहान, उभी, पानांच्या वर दिसणारी आणि पिकली की सहज सुटणारी असतात. ती व्यवस्था पक्ष्यांसाठी. पक्ष्यांना तिखट लागत नाही, दाढा नसल्याने ते बी चावत नाहीत, आणि ते दूर नेऊन टाकतात. आमच्या जाळीला जिथे भोक पडतं तिथून बुलबुल आत येतात आणि बरोबर लाल झालेलीच फळं उचलतात. जांभळ्यांना चोच लावत नाहीत. कुंपणाबाहेर, खताच्या ढिगाशेजारी जी मिरचीची झाडं आपोआप उगवतात, ती त्यांची लागवड.

पण एका परीक्षेत चालढकल चालत नाही. थंडीच्या दिवसांत बाजारात जेरुसलेम चेरी नावाचं झाड येतं. लहान झुडूप, गर्द हिरवी पानं, त्यावर नारिंगी-लाल गोल फळं. लांबून पाहिलं तर गोल फळाची शोभेची मिरचीच. तिचं शास्त्रीय नावही सोलॅनम स्युडोकॅप्सिकम, म्हणजे खोटी मिरची, असंच ठेवलेलं आहे. ती खायची नाही, विषारी आहे. इथेही फूलच कामाला येतं. तिच्या फुलात मधोमध पिवळ्या-नारिंगी परागकोशांचा उभा जुडगा असतो, वांग्याच्या किंवा टोमॅटोच्या फुलात असतो तसा. मिरचीच्या फुलात परागकोश सुटे आणि बहुधा निळसर. फुलं नसतील तर फळ कापून बघावं. मिरची आतून पोकळ असते, बिया मधल्या पांढऱ्या भागाला लागलेल्या. ही चेरी आतून गराने भरलेली, बारक्या टोमॅटोसारखी. घरात लहान मूल असलेलं कुणी गोल लाल फळांच्या झाडाचा फोटो घेऊन आलं, तर मी आधी हे तपासते, बाकीच्या गप्पा नंतर.

जात सांगता येते. वाण सांगणं हा वेगळा प्रकार आहे. लोकांना नाव हवं असतं. काळ्या पानांची, काळ्या मण्यांसारख्या फळांची मिरची दिसली की "ब्लॅक पर्ल ना?" असं विचारतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या केंद्रातून आलेला तो वाण, 2006 साली तिथल्या ऑल-अमेरिका सिलेक्शन्समध्ये निवडला गेला. जांभळ्यापासून लालपर्यंत सगळे रंग एका झाडावर दिसले तर न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाच्या न्यूमेक्स ट्वायलाइटचं नाव घेतात. असेलही. पण आमच्याकडे येणाऱ्या पाकिटांवर बहुतेक वेळा नुसतं 'शोभेची मिरची, मिश्र' एवढंच असतं. मूळ पाकीट हातात नसेल तर झाडाकडे बघून वाणाचं नाव सांगणारा माणूस अंदाज सांगत असतो, आणि बऱ्याचदा विकायच्या घाईत असतो. मी माझ्या वहीत नावाऐवजी पानाचा रंग, फुलाचा रंग, कच्च्या फळाचा रंग आणि पिकलेल्या फळाचा रंग लिहिते. मग फळ उभं की लोंबतं, सुटं की झुबक्यात. एवढ्यावर दोन कुंड्या एका वाणाच्या आहेत की नाहीत हे बरंचसं कळतं.

त्यातही पानाचा रंग ऊन बघून लिहावा लागतो. पानांचा आणि कच्च्या फळांचा जांभळा-काळा रंग अँथोसायनिनचा, वांग्याच्या सालीत असतो त्याच कुळातला. तो उजेडावर वाढतो. तेच काळं झाड आठवडाभर आतल्या दिवाणखान्यात ठेवलं तर नवी पानं हिरवट येतात, आणि गिऱ्हाईक फोन करून म्हणतं, "तुम्ही दुसरंच झाड दिलं." फळ पिकताना हा रंग आणि हिरवा रंग दोन्ही ओसरतात, आणि पिवळे, नारिंगी, लाल रंग वर येतात. एकाच झाडावर चार रंग दिसतात ते त्यामुळे. फळं चार जातींची नसतात, चार वयांची असतात.

बियांचं प्रकरण मला सगळ्यांत आवडतं. अण्णा म्हणजे आमचे मालक. त्यांचं म्हणणं सुरुवातीला असं, की बाहेरून पाकिटं कशाला आणायची, आपल्याच झाडांचं बी धरू. धरलं. मिरचीचं फूल स्वतःच्या परागावर फळतं हे खरं, पण मधमाश्यांना ते कुणी सांगितलेलं नसतं. आमच्या वाफ्यात शोभेची मिरची, शेजारी भाजीची रोपं वाढवलेली ज्वाला, पलीकडे कुणीतरी हौसेने लावलेली लवंगी. त्या बियांतून पुढल्या हंगामात जी रोपं आली, त्यांतल्या काही झाडांची फळं लोंबती निघाली. अण्णांना वाटलं रोपांची अदलाबदल झाली. तसं नव्हतं. फळ उभं असण्याचा गुण लोंबतेपणापुढे दबतो. उभीला लोंबतीचा पराग लागला की पहिल्या पिढीची फळं खाली मान घालतात. आणि त्या झाडाचं बी पुन्हा पेरलं की पुढच्या पिढीत काही उभी परत येतात, काळी पानं, हिरवी पानं, अधलीमधली, सगळी सरमिसळ. त्यांतली दोन-तीन झाडं इतकी देखणी होती की मी त्यांचं बी वेगळं ठेवलं. त्यांना नाव नाही. मावशी त्यातल्या एकीला 'रुसलेली' म्हणतात, कारण तिची अर्धी फळं वर बघतात, अर्धी खाली.

आता ज्या झाडाचं बी शुद्ध हवं असेल त्याच्या एका फांदीवर, फुलं उमलायच्या आधी, पातळ मलमलची पिशवी बांधते. सकाळी पिशवीवरून टिचकी मारते, पराग झडतो. फळं धरली की पिशवी काढून त्या फांदीला दोरा बांधते. काम एवढंच आहे, पण दोरा बांधायचा राहिला तर सगळं गेलं, कारण पिकल्यावर कोणतं फळ पिशवीतलं आणि कोणतं उघड्यावरचं हे फळ सांगत नाही.

जानेवारीत रंगात आलेली कुंडी हवी असेल तर ऑगस्टच्या शेवटी बी पडलं पाहिजे. प्रो-ट्रेमध्ये कोकोपीट, वर बारीक थर, आणि ऊब. पंचवीस ते तीस अंशांत आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतो. पाणी जास्त झालं की रोपं जमिनीलगत नरम पडून कोलमडतात, आणि एका कप्प्यातून शेजारच्या कप्प्यात ते पसरायला रात्र पुरते. पाच-सहा आठवड्यांनी रोप पिशवीत जातं. नंतर मिरचीची एक सवय लक्षात ठेवावी लागते: ती वाढताना दुभंगत जाते. खोड एका ठिकाणी दोन फांद्यांत फुटतं आणि त्या बेचक्यात पहिलं फूल येतं. मग त्या फांद्या फुटतात, त्यांच्या बेचक्यांत फुलं येतात, असं पुढे. म्हणजे जितक्या बेचक्या तितकी फळं. पहिल्या बेचक्यातलं फूल मी खुडते. नव्या मुलींना ते जिवावर येतं. पण ते फळ धरलं तर लहान झाडाची सगळी ताकद तिकडे जाते आणि फांद्या मागे राहतात.

रोपांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे, हा आमच्याकडचा एकमेव नियम आहे ज्यावर मी भांडते. कारण तंबाखू. तंबाखू आणि मिरची एकाच कुळातली, आणि तंबाखूवरचा मोझॅक विषाणू मळलेल्या तंबाखूतून बोटांवर, बोटांवरून रोपांवर जातो. तो फार चिवट असतो. गड्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं बाईंना तंबाखूचा तिटकारा आहे म्हणून काहीतरी काढलंय. काही रोपवाटिकांत काम करताना हात दुधात बुडवतात. दुधातली प्रथिनं त्या विषाणूला आवर घालतात. आमच्याकडे दूध चहाला पुरत नाही, त्यामुळे साबण.

घरी गेलेल्या झाडांच्या तक्रारी सोमवारी येतात, कारण लोक रविवारी झाडांकडे बघतात. सगळ्यांत नेहमीची तक्रार, "पानं गोळा झालीत." याला आपल्याकडे सरसकट चुरडा-मुरडा म्हणतात, आणि सरसकट एकच औषध मारतात. पान कुठल्या बाजूला वळलंय हे बघायला मिनिटसुद्धा लागत नाही. कडा वर वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून पान लांबट, अरुंद झालं असेल तर कोळी. तो इतका बारीक की भिंगाशिवाय दिसत नाही. फुलकिड्यांवर निळे चिकट सापळे आणि संध्याकाळी निंबोळी तेल. कोळ्यावर पाण्यात मिसळणारं गंधक, पण कडक उन्हाच्या दिवसांत नाही, पानं भाजतात. फुलं नुसती गळताहेत आणि पानं ठीक आहेत असं कुणी म्हणालं तर मी फूल पांढऱ्या कागदावर झटकून बघायला सांगते. 2021च्या हंगामात आंध्र-तेलंगणातल्या मिरचीचं ज्याने मोठं नुकसान केलं तो काळा फुलकिडा फुलात दडून बसतो. कागदावर काळसर ठिपके चालू लागले की कळतं. कागद कोरा राहिला आणि महिना एप्रिल-मे असेल, तर दोष उन्हाचा. पारा पस्तिशीच्या वर राहिला की मिरची फुलं टाकते. दुपारची सावली द्यायची आणि जूनची वाट बघायची. विषाणूने पानं वळली असतील, वाढ खुंटून शेंड्याला बारीक पानांचा पुंजका झाला असेल, तर उपाय नाही. झाड उपटून कचऱ्यात टाकायचं, शेजारच्या कुंडीत पांढरी माशी पोचायच्या आत. हे सांगायला मला अजून जड जातं, कारण तोवर लोकांनी त्या झाडाला आठवडाभर ताक, हळद, राख सगळं घातलेलं असतं.

दुसरी तक्रार, "झाड इथून नेलं तेव्हा बुटकं होतं, आता वेडंवाकडं उंच झालं." यात झाडाचा गुन्हा काही नाही. शोभेची कुंडी आखूड, दाट दिसावी म्हणून या धंद्यात वाढ रोखणारं औषध देतात. पॅक्लोब्युट्राझोल हे त्यातलं नेहमीचं. आंबेवाल्यांना ते ठाऊक आहे. त्याचा अंमल उतरला आणि घरातला उजेड कमी पडला की झाड आपल्या खऱ्या उंचीला जायला निघतं. पाच-सहा तासांचं सरळ ऊन मिळेल अशी जागा आणि शेंडे खुडणं, एवढं केलं तर आवरतं. याच कारणासाठी मी विकत नेलेल्या झाडावरची पहिली फळं खाऊ देत नाही. त्यांवर वाढीचं औषध, किडीचं औषध, काय काय गेलेलं असतं. ती फळं तोडून टाका, दोन-तीन महिन्यांनी नव्या फुलांतून येतील ती खा.

मुळांभोवतीच्या लाल मातीबद्दल एक सांगायला हवं. पुण्याच्या रोपवाटिकांत झाडं लाल मातीच्या गोळ्यात येतात. वाहतुकीत तो फुटत नाही म्हणून तो सगळ्यांना आवडतो. पण वाळला की विटेसारखा होतो. घरी लोक तो तसाच मोठ्या कुंडीत ठेवून भोवती छान भुसभुशीत माती भरतात. पाणी त्या भुसभुशीत मातीतून खाली निघून जातं आणि गोळा आतून कोरडाच. वर ओल, आत तहान. झाड माना टाकतं, लोक आणखी पाणी घालतात, मग बाहेरची मुळं कुजतात. कुंडी बदलताना गोळा बादलीभर पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावा आणि कडेची माती बोटांनी हलकेच सैल करावी. शेणखत, थोडी निंबोळी पेंड, कोकोपीट, बास. नत्राची खतं ओतली की पानं तरारतात आणि फळं रुसतात.

आता खाण्याचं. तिखटजाळ असतात बहुतेक, पण चवीला एकसुरी. रंगासाठी निवडत गेलेल्या झाडाकडून स्वादाची अपेक्षा करणं फारसं न्यायाचं नाही. जांभळी कच्ची फळं किंचित कडवट लागतात, आणि फोडणीत पडली की त्यांचा जांभळा रंग जाऊन हिरवी होतात, म्हणजे ज्या कौतुकासाठी टाकली तेच कढईत संपतं. लाल झालेली फळं शिरक्यात किंवा लिंबाच्या रसात मुरवली तर चांगली लागतात. ठेच्याच्या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे: होतो, पण पाहुण्यांना वाढू नका. तिखट नसलेलेही काही वाण आहेत, मेड्युसा नावाचा त्यातला एक. मुलं असलेल्या घरांत तसा मिळाला तर बरा. नाहीतर हात लावून डोळे चोळण्याचा प्रसंग कधी ना कधी येतोच.

या सगळ्यात ज्या एका गोष्टीवर माझं आणि गिऱ्हाइकांचं कधी जमत नाही ती म्हणजे तोडणी. माणूस हे झाड फळांसाठी नेतो, बघण्यासाठी नेतो, म्हणून फळाला हात लावत नाही. मार्चपर्यंत सगळी फळं लाल होतात, मग सुरकुततात, मग झाडावरच वाळतात. मधल्या काळात नवं फूल एकही टिकत नाही. बी भरत असलेली फळं झाडातली साखर ओढून घेतात, आणि त्यांच्या ओझ्याखाली मागून आलेली फुलं गळून पडतात. झाडाच्या दृष्टीने काम झालेलं असतं: बी तयार आहे, पक्ष्याने यावं. पक्षी येत नाही, माणूस तोडत नाही, आणि घरात चर्चा सुरू होते की झाड म्हातारं झालं, एकाच हंगामाचं असतं, टाकून द्या. खरं तर आपल्या हवेत ते दोन-तीन वर्षं सहज राहतं, खोड लाकडासारखं होतं.

आणि ज्या दिवशी ते रंगाने भरलेलं असतं, ज्या दिवशी ते सगळ्यांत जास्त किमतीला जातं, त्या दिवशी त्याचा बहर उताराला लागलेला असतो. हे मी गिऱ्हाइकांपासून लपवत नाही. कुणी विचारलं की सर्वांत चांगली कुंडी कोणती, तर मी मागच्या रांगेतली दाखवते: थोडी फळं, तीही कच्ची, बाकी कळ्या. बहुतेक जण हसून पुढच्या रांगेतलीच उचलतात. माझी हरकत नाही. त्यांनी जे पाहिलं त्याचे ते पैसे देतात.

पण घरी नेल्यावर फळं लाल व्हायला लागली की कात्री घ्यावी आणि देठासकट काढावीत. हाताने ओढू नयेत. मिरचीच्या फांद्या ठिसूळ, फळाबरोबर बेचकी तुटते. बहर संपला की फेब्रुवारीत झाड अर्ध्यावर छाटावं, बेचक्यांच्या थोडं वर, आणि मूठभर गांडूळ खत द्यावं. तीन-चार आठवड्यांत कोंब फुटतात. एक निवृत्त शिक्षिका आमच्याकडे दरवर्षी येतात. त्यांची पहिली कुंडी अजून त्यांच्याकडे आहे, आणि तोडलेली फळं त्या बरणीत भरून शेजाऱ्यांना वाटतात. येताना त्या नवं झाड घेत नाहीत, निंबोळी पेंड घेतात. अण्णांना हे गिऱ्हाईक फारसं परवडत नाही.

यंदा प्रदर्शनाच्या आधी कुंड्यांवर लावायच्या पट्ट्या छापायचं ठरलं. मी तीन ओळी लिहून दिल्या: 'शोभेची मिरची, तिखट.' 'पहिली फळं खाऊ नका.' 'पिकली की तोडा.' पहिली ओळ अण्णांनी लगेच मान्य केली. दुसरीवर थोडी कुरकुर केली, मग लहान मुलांचा विषय निघाला आणि तीही मान्य झाली. तिसरीवर अडले. म्हणाले, "अहो ताई, माणूस फळं बघून पैसे देतोय आणि आपण त्यालाच तोडायला सांगतोय? मग तो घेईल कशाला?" मावशी बाजूला बसून बी काढत होत्या, त्या म्हणाल्या, "तिथे नको, मागे छापा." पट्टीला मागची बाजू नसते, ती मातीत खोचलेली असते. छापून आल्या त्या दोन ओळींच्या. तिसरी मी बिलाच्या पाठीवर हाताने लिहिते.